दोन दिवसांचे गोवे आणि एका वर्गाचे अंदाजपत्रक

सहल हा मौजेचा विषय, त्यात वाणिज्य शाखेने नाक खुपसण्याचे कारण काय, असे काही वाचकांना वाटेल. परंतु परिव्यय लेखांकनाच्या तासाला आम्ही ज्या कारखान्याची उदाहरणे सोडवतो तो कारखाना आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. सहल मात्र प्रत्येक वर्गाची निघते, किंवा निघता निघता मोडते. ती का मोडते याचे उत्तर त्याच पाठ्यपुस्तकात सापडते. म्हणून आमच्या वर्गाने पणजी आणि तिच्या आसपासच्या भागाची दोन दिवसांची जी सहल आखली आहे, तिची आखणी येथे अभ्यासलेख म्हणून मांडत आहे. अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांनीही हा हिशेब तपासावा. आकड्यांना भाषा नसते. शब्दांचे म्हणाल तर कन्नडमध्ये खर्चाला 'वेच्च' म्हणतात, आणि आपल्या जुन्या मराठीत 'वेचणे' म्हणजे खर्च करणे. तेव्हा तेथेही फारसे अंतर नाही.

प्रथम ठिकाणाचा विचार. पणजी हे उष्ण कटिबंधातले शहर आहे असे भूगोलात वाचतो, आणि त्यावरून आपण कुठल्या तरी वेगळ्या पट्ट्यात राहतो असा समज होतो. वास्तविक कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे. पणजी साडेपंधरा अंशांच्या जवळ, बेळगाव त्याच्या किंचित उत्तरेला, आणि निपाणीही सोळा-साडेसोळाच्या आतच. म्हणजे सगळेच उष्ण कटिबंधात. फरक पडतो तो उंचीने आणि समुद्राने. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियस तापमान उतरते हे धरले, तर नुसत्या उंचीमुळे सुमारे पाच अंशांचा फरक होतो. त्यात पणजीची हवा दमट. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून तीस-बत्तीस अंशांतही जीव हैराण होतो. पहाटे निपाणीहून स्वेटर घालून निघालेला विद्यार्थी अकरा वाजता जुन्या गोव्यात तो स्वेटर काखेत धरून फिरणार, हे नक्की. सुती कपडे, टोपी आणि प्रत्येकाजवळ पाण्याची बाटली या तीन गोष्टी आम्ही सूचनापत्रकात ठळक अक्षरांत घातल्या आहेत.

पावसाळ्याचा प्रश्नच नव्हता. पणजीत वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्या काळात घाटात दरडी, समुद्र खवळलेला. डिसेंबर हा हवेच्या दृष्टीने उत्तम, पण खिशाच्या दृष्टीने वाईट महिना. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, ८ तारखेला पणजीच्या चर्चचे, पुढे नाताळ आणि नववर्ष. मागणी वाढली की किंमत वाढते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात आहेच. खोली तीच, पलंग तोच, पण २८ डिसेंबरचे भाडे आणि २८ जानेवारीचे भाडे यांत फार मोठे अंतर असते. म्हणून आम्ही जानेवारीचा शेवटचा आठवडा निवडला, तोही प्रजासत्ताक दिनाची गर्दी ओसरल्यावर, आणि वार बुधवार-गुरुवार. शनिवार-रविवारी खोल्या महाग असतात. शिवाय रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते, तेव्हा सहलीच्या लोंढ्याने आत शिरणे बरे नव्हे. जुन्या गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. वार ठरवताना एवढे पाहावे लागते.

आता वाट. निपाणीला रेल्वे नाही. बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर असा लोहमार्ग मडगाव-वास्कोकडे जातो. १८८८ साली हा मार्ग सुरू झाला आणि दूधसागरचा धबधबा गाडीतूनच दिसतो. पण तो मार्ग पणजीला जात नाही, आणि दोनच दिवस हाती असताना गाडीच्या वेळापत्रकाला बांधून घेणे परवडत नाही. राहिले रस्ते. एक, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सर्वांत जवळचा. परंतु तो कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातून गोव्यात जातो. बसला अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल तर काही अडत नाही. नसेल तर दोन राज्यांचे कर आणि दोन नाक्यांवर खोळंबा. दुसरा, बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असा, दोनशेहून थोडा जास्त. तिसरा, बेळगाव, खानापूर, रामनगर, अनमोड, मोले, फोंडा असा, आणखी लांब. आम्ही दुसऱ्याने जायचे आणि तिसऱ्याने यायचे ठरवले. किलोमीटर वाढतात, पण एकच रस्ता दोनदा तुडवला जात नाही आणि फोंड्याची देवळे व तांबडी सुर्ला परतीच्या वाटेवरच येतात.

चोर्ल्याच्या वाटेने जाण्यात आणखी एक लाभ आहे. कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे बेळगाव-धारवाडच्या कोरड्या तालुक्यांकडे वळते. त्याच खानापूर तालुक्याच्या रानातून, भीमगडच्या बाजूने, म्हादई निघते आणि पश्चिमेला उतरते. पणजीत आपण जिला मांडवी म्हणतो ती हीच. एका डोंगरावरचे पाणी दोन दिशांना जाते आणि त्यावरून दोन राज्ये भांडतात. म्हादई पाणीतंटा लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद शमलेला नाही. कर्नाटकातल्या विद्यार्थ्याने सकाळी उगमाकडचे रान पाहावे आणि संध्याकाळी मुखाशी उभे राहावे. मग वर्तमानपत्रातला तो वाद निदान नकाशासकट कळेल.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघून, बेळगावला चहा घेऊन, कणकुंबीला थोडे थांबून अकराच्या सुमारास जुन्या गोव्यात पोहोचायचे. तेथे घाई करायची नाही असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. अल्बुकर्कने १५१० मध्ये आदिलशाहीकडून हे शहर घेतले. वाणिज्याच्या विद्यार्थ्याने येथे विचारायचा प्रश्न असा, की एवढी माणसे मारून या नदीकाठच्या बंदरात मिळवायचे काय होते? उत्तराचा एक भाग म्हणजे घोडे. अरबस्तान आणि इराणकडून येणारा घोडा या बंदरांतून वर दख्खनमध्ये जाई आणि विजयनगर व विजापूर या दोघांनाही तो हवा असे. बंदर ज्याच्या हाती, जकात त्याच्या हाती. बॉम जीझसची बासिलिका १५९४ ते १६०५ या काळात बांधली गेली. तिच्यात झेवियरचा देह ठेवलेला आहे. झेवियर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला आणि त्याचा देह पुढे गोव्यात आणला गेला. दर दहा वर्षांनी त्याचे जाहीर दर्शन होते, मागचे २०२४-२५ मध्ये झाले. समोरचे से कॅथेड्रल १५६२ मध्ये सुरू होऊन १६१९ मध्ये पुरे झाले. त्याला एकच मनोरा का, असे कोणी तरी विचारणारच. दुसरा १७७६ मध्ये पडला. ही सारी वास्तुसंपदा १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मात्र तिच्याभोवतीचे शहर उरले नाही. पटकी आणि हिवतापाने लोक मेले, पळाले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले राहणे पणजीला हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

निपाणीकरांना जुन्या गोव्यात एक गोष्ट आठवावी अशी माझी इच्छा आहे. तंबाखू हे अमेरिका खंडातले रोप. ते भारतात आणले पोर्तुगीजांनी. मिरचीही त्यांच्याच जहाजांतून आली. म्हणजे आमच्या गावची सारी पेठ, वखारी, विडीचे कारखाने आणि शेजारची संकेश्वरी मिरची यांची मूळ वाट या समुद्रावरून आलेली आहे. आम्ही गोव्याकडे पाहुणे म्हणून निघालो आहोत खरे, पण आमची चूल त्याच व्यापारावर पेटते.

दुपारनंतर पणजी. रायबंदरवरून पणजीत येणारा तीन किलोमीटरहून लांब बांधरस्ता सतराव्या शतकात, १६३३-३४ मध्ये, बांधलेला आहे आणि अजून वाहतूक पेलतो. शहर लहान आहे, ते पायी पाहावे. फोंताइन्हासच्या गल्ल्या, पायऱ्यांवरचे पांढरे चर्च (मूळ १५४१, नवी बांधणी १६१९, घंटा जुन्या गोव्याच्या ऑगस्टीनियन मठातली), मांडवीकाठचा आदिलशहाचा वाडा आणि त्याच्या शेजारी संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक आबे फारिया याचा पुतळा. फोंताइन्हासमध्ये लोक राहतात. त्यांच्या दारासमोर उभे राहून फोटो काढण्याचा उच्छाद आपण करू नये, हेही सूचनापत्रकात आहे. १८३२ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती ग्रंथालय पाहायचे की नाही यावर वर्गात मतभेद झाले. अर्ध्या तासावर तडजोड झाली.

पणजीत पाट्या वाचाव्यात. आम्हा सीमाभागातल्या मुलांना ती सवय असतेच. कोकणी, मराठी, इंग्रजी, मधूनच एखादे पोर्तुगीज नाव. गोवे १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे हे १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे मतदानाने ठरले आणि सुमारे चौतीस हजार मतांच्या फरकाने वेगळे राहण्याचा कौल मिळाला. ३० मे १९८७ ला गोवे घटक राज्य झाले. आपल्याकडची रेषा १ नोव्हेंबर १९५६ ला पडली ती मतपेटी न उघडता. या दोन गोष्टींची तुलना कोणी इतिहासाच्या विद्यार्थ्याने याच अंकात किंवा पुढच्या अंकात करावी. माझा तो विषय नाही.

सूर्यास्त मिरामारला. मांडवी जेथे समुद्राला मिळते तेथेच हा किनारा आहे आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे स्मारकही तेथे आहे. कळंगुट-बागा आम्ही वगळले. गर्दी, येण्याजाण्यात जाणारे दोन तास आणि तेथले दर ही तीन कारणे. वर्गात याला विरोध झाला नाही असे नाही. परंतु आमच्यातल्या कित्येकांनी समुद्र मुळीच पाहिलेला नाही. प्रथमच पाहणाऱ्याला मिरामारचा समुद्रही पुरेसा मोठा आहे. पाण्यात घोट्यापलीकडे जायचे नाही, हा नियम अंधार पडण्यापूर्वीही लागू राहील.

दुसरा दिवस फोंडा महालाचा. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे. ही देवळे मुळात येथली नाहीत. मंगेश कुठ्ठाळहून १५६० मध्ये हलवला, म्हाळसा वेर्ण्याहून आली, शांतादुर्गा केळोशीहून. पोर्तुगीजांच्या हद्दीत देवळे मोडली जात होती आणि फोंडा तेव्हा त्यांच्या हद्दीबाहेर, आदिलशाहीकडे होता. नदी ओलांडली की देव सुरक्षित! कवळ्याचे आजचे देऊळ १७३८ मधले, शाहू महाराजांच्या काळातले. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचे जन्मगाव, हे संगीताच्या नादी मित्रांसाठी सांगते. तेथून मोलेच्या बाजूने तांबडी सुर्ला. रानात, ओढ्याकाठी, काळ्या दगडात घडवलेले लहानसे शिवमंदिर, कदंबांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकांतले. या कदंबांची एक राजधानी गोव्यात होती आणि दुसरी आपल्या खानापूर तालुक्यात, हलशीला. गोव्याच्या सरकारी बसवर 'कदंब' हे नाव आहे ते यांचेच. हलशीचे भूवराह नरसिंह मंदिर परतीच्या वाटेपासून दूर नाही, पण तोवर अंधार पडेल म्हणून ते सोडले. घराजवळचे म्हणून राहून गेले, असे नेहमीच होते.

एवढी आखणी कोणीही करील. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

पुढच्या वर्गाची गेल्या वर्षीची सहल मोडली. नावे दिली होती ४४ जणांनी. पैसे भरायच्या आठवड्यात २९ उरले, दर वाढवावा लागला, मग १७ उरले, मग काहीच उरले नाही. कोणी आजारी पडले, कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाला अचानक समुद्राचे पाणी सोसेनासे झाले. खरे कारण कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. माझ्या मते हा प्रश्न उत्साहाचा नव्हे, खर्चाच्या रचनेचा होता.

हिशेब कळावा म्हणून गोल आकडे घेते. दर गावोगाव वेगळे असतात, वाचकांनी आपले आकडे घालावेत. समजा ५०० किलोमीटरसाठी एकोणपन्नास आसनांच्या बसचे भाडे २८,००० रुपये. चालक व क्लीनरचा भत्ता २,०००. टोल, परवाना, वाहनतळ ३,०००. बरोबरच्या दोन प्राध्यापकांचा खर्च ३,०००. एकूण ३६,०००. दहा जण गेले काय आणि सत्तेचाळीस गेले काय, हा आकडा हलत नाही. हा स्थिर खर्च. आता माणशी खर्च: सामाईक खोलीत एका रात्रीचे ४५०, दोन दिवसांचे जेवण-चहा ४००, तिकिटे व किरकोळ ५०, मिळून ९००. हा बदलता खर्च. (खोलीवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीस, १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. ठरवताना दर करासह की कराशिवाय, हे विचारून घ्यावे.)

४५ विद्यार्थी आले तर स्थिर खर्चाचा वाटा ८००, वर्गणी १,७००. ४० आले तर ९०० आणि ९००, म्हणजे १,८००. ३६ आले तर १,९००. ३० आले तर २,१००. आता मागच्या वर्षीची गोष्ट या तक्त्यावर ठेवून पाहा. वर्गणी १,८०० जाहीर होते. आठ जण गळतात. उरलेल्या ३२ जणांची वर्गणी २,०२५ होते. ज्यांनी १,८०० कसेबसे जमवले होते ते आता गळतात. प्रत्येक गळतीने दर वाढतो आणि प्रत्येक दरवाढीने गळती वाढते. स्थिर खर्च मोठा असलेल्या कोणत्याही धंद्याचे हे दुखणे आहे. सिनेमागृहाचे तेच, साखर कारखान्याला ऊस कमी पडला की त्याचेही तेच.

मग स्थिर खर्चच नको, सरकारी बसने जाऊ, असा एक पक्ष होता. तो विचारात घेण्याजोगा आहे. समजा निपाणी-बेळगाव, बेळगाव-पणजी आणि गोव्यातल्या स्थानिक बस धरून माणशी ९०० रुपये लागतात. आमच्या बसचा प्रवासखर्च, प्राध्यापकांचा खर्च सोडून, ३३,०००. त्याला ९०० ने भागले की ३६.६७ येतात. म्हणजे ३७ विद्यार्थी झाले की स्वतंत्र बस स्वस्त पडू लागते. पण येथे कर्नाटक सरकारची शक्ती योजना आडवी येते. ११ जून २०२३ पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये स्त्रियांना भाडे नाही. निपाणी ते बेळगाव ही वाट संपूर्ण कर्नाटकात असल्याने मुलींचे जाऊन-येऊन, समजा, २०० रुपये वाचतात. बेळगाव-पणजीला मात्र तिकीट पडते, कारण ती आंतरराज्य बस. निम्म्या मुली धरल्या तर सरासरी भाडे ८०० होते आणि ३३,००० ला ८०० ने भागले की ४१.२५. म्हणजे आता स्वतंत्र बस परवडायला ४२ विद्यार्थी हवेत. एका सरकारी योजनेने आमच्या वर्गाचा समतोलाचा आकडा ३७ वरून ४२ वर नेला! अर्थसंकल्पाचा परिणाम घरापर्यंत येतो म्हणतात तो असा. सरकारी बसचा दोष एवढाच, की तिने तांबडी सुर्ल्याला जाऊन त्याच दिवशी घरी येणे जमत नाही, आणि चाळीस जणांना एका बसमध्ये जागा मिळेल याची शाश्वती नाही. दहाबारा मित्र जाणार असतील तर त्यांनी डोळे मिटून सरकारी बस धरावी.

दुसरी अडचण वरच्या टोकाला. बसमध्ये एकोणपन्नास जागा, त्यांतून दोन प्राध्यापक वजा जाता ४७ विद्यार्थी. तेव्हा वर्गणी पडते सुमारे १,६६६. अठ्ठेचाळिसावा विद्यार्थी आला की सतरा आसनांची छोटी गाडी घ्यावी लागते. तिचे समजा सर्व मिळून १६,०००. स्थिर खर्च ५२,००० होतो आणि वर्गणी १,९८३. एका माणसाच्या येण्याने सर्वांना ३१७ रुपये अधिक. पण आमचा पट ६१ चा आहे. साऱ्या वर्गाने यायचे ठरवले तर वर्गणी पुन्हा १,७५२ वर उतरते. म्हणजे वाईट आकडा ४८ चा, ६१ चा नव्हे. पायरीसारखा वाढणारा खर्च म्हणतात तो हा.

आता सर्वांत महत्त्वाचे. समजा १,९०० भरू शकणारे ३६ जण आहेत आणि सहा जण असे, की ज्यांना १,२०० च्या वर शक्य नाही. साधारणपणे आपण काय करतो? त्या सहांना वगळतो, किंवा वर्गात टोपी फिरवून त्यांच्यासाठी मदत गोळा करतो. दोन्हींत त्यांचा अपमान आहे, आणि हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही चूक आहेत. एका जास्तीच्या विद्यार्थ्यामुळे खर्च वाढतो तो फक्त ९०० ने. त्याने १,२०० दिले तर ३०० रुपये स्थिर खर्चाच्या भरपाईला उरतात. सहा जणांचे १,८००. उरलेला स्थिर खर्च ३४,२००, तो ३६ जणांत वाटला की माणशी ९५०. त्यांची वर्गणी १,९०० वरून १,८५० वर आली. कमी पैसे देणाऱ्या सहा जणांनी बाकीच्यांचे प्रत्येकी पन्नास रुपये वाचवले. उपकार कोणी कोणावर केला? बसमधली रिकामी जागा कोणाच्याच पैशांची बचत करीत नसते. हा सीमांत परिव्ययाचा नियम आम्ही परीक्षेत दहा गुणांसाठी लिहितो. वर्गणी ९०० च्या खाली गेली तरच दुसऱ्याच्या खिशाला हात लागतो, आणि तसा प्रसंग आमच्याकडे अजून आलेला नाही.

अर्थात कमी कोणी द्यायचे हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. एकाने सुचवले की प्रत्येकाने बंद पाकिटात आपल्याला झेपेल तो आकडा लिहून सरांकडे द्यावा, यादी फक्त सरांजवळ राहील. दुसऱ्याचे म्हणणे असे, की मग ज्याला झेपते तोही कमीच लिहील. मला दुसऱ्याची शंका फारशी खरी वाटत नाही. झेपत असून कमी लिहिणारे दोघेतिघे निघतील, ते निघोत. परंतु त्याहून चांगला उपाय आम्हाला पैशांच्या रकमेत नव्हे, पैशांच्या वेळेत सापडला.

माझी आई विड्या वळते. पान, तंबाखू, दोरा कारखान्याकडून येतो, मजुरी हजारी मोजून मिळते आणि हाती पडते ती आठवड्याला. अशा घरात १,८५० रुपये ही अशक्य रक्कम नव्हे. पण 'शुक्रवारपर्यंत १,८५० आण' ही अशक्य मागणी आहे. शुक्रवारी घरात जेवढे येते त्याची वाट आधीच ठरलेली असते. लेखाशास्त्रात नफा निराळा आणि रोखीचा प्रवाह निराळा असे शिकवतात ते हेच. चालता धंदासुद्धा हातात रोकड नसल्याने बसतो. गेल्या वर्षी गळालेल्यांपैकी पुष्कळ जण गरिबीने नव्हे तर तारखेने गळाले असावेत, असे मला वाटते. कारण त्यांच्यापैकी दोघींनी त्यानंतरच्या चार महिन्यांत हप्त्याने शिवणयंत्र घेतले.

म्हणून आम्ही भिशी काढली. आमच्या गल्लीत बायका पिढ्यान्‌पिढ्या चालवतात तीच, फक्त उचल एकदम शेवटी. नाव देताना ५० रुपये, पुढे अठरा आठवडे दर आठवड्याला १००. सप्टेंबरच्या अखेरीस सुरुवात केली की जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत १,८५० पुरे. ज्याला झेपते त्याने दोन-दोन हप्ते एकदम भरावेत, ज्याला पन्नासच जमतात त्याने तसे खजिनदाराच्या कानात सांगावे. पैसे दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक यांच्या नावे बँकेत राहतील, आणि वहीत नावापुढे रक्कम न लिहिता फक्त आठवड्याची खूण होईल. यात बसवाल्याला आगाऊ रक्कम लवकर देता येते हा आणखी फायदा. त्यामुळे दर आधीच बांधून घेता येतो. वाईट बाजूही सांगायला हवी. मध्येच कोणी सोडून गेले तर त्याचे पैसे परत द्यायचे की नाही? आम्ही ठरवले, की बसची आगाऊ रक्कम जाईपर्यंत सारे परत. त्यानंतर बदली माणूस आणला तरच परत. नियम थोडा कठोर आहे, पण तो पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता.

खर्च उतरवण्याच्या दोन लहान युक्त्या. पहिल्या दिवशी दुपारचे जेवण घरून: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. भाकरी प्रवासात टिकते आणि जुन्या गोव्यातल्या उपाहारगृहात सत्तेचाळीस ताटे लागायला दीड तास मोडला असता. आमच्या कन्नड मैत्रिणींनी कडक रोट्टी आणायचे कबूल केले आहे, ती तर आठ दिवस टिकते. रात्री मात्र मासळीची थाळी, ज्याला चालते त्याला. दुसरी युक्ती, राहण्याची जागा पणजीच्या मध्यभागी न घेता थोडी आतल्या बाजूला घ्यावी. बस आपली असल्याने अंतराचा खर्च वेगळा पडत नाही, मात्र बस उभी करायला जागा आहे ना हे आधी विचारावे. किनाऱ्यापासून दूर गेले की भाडे उतरते. खोलीतून दिसणाऱ्या समुद्राचे पैसे द्यावे लागतात. रात्री झोपल्यावर तो कोणालाच दिसत नाही.

पालकांच्या संमतिपत्रकाचा मजकूर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत केला आहे, त्यात परतीची वेळ रात्री दहा अशी धरली आहे. अनमोड घाट उजेडात चढायचा असल्याने तांबडी सुर्ल्याहून साडेतीनच्या आत निघायलाच हवे. तेवढे एक वेळापत्रक सैल ठेवलेले नाही. मुलींच्या घरांतून पहिला प्रश्न हाच आला, की रात्री निपाणी स्थानकावरून घरापर्यंत कोण सोडणार. त्यासाठी गल्लीवार पाच गट केले आहेत आणि प्रत्येक गटात त्या भागातला एक वडीलधारा पालक स्थानकावर येणार आहे.

हा लेख संपादकांकडे देताना भिशीचा नववा आठवडा चालू आहे. नावे ४३ आहेत. दोन गळाली, तीन नवी आली. स्थिर खर्चाचे ३६,००० आणि ४३ जणांचे ३८,७०० मिळून ७४,७०० रुपये लागतील, आणि सर्वांनी १,८५० पुरे केले तर ७९,५५० जमतील. म्हणजे ४,८५० रुपयांची सवड राहते. ती औषधपेटीसाठी आणि ज्यांचे हप्ते पन्नासाचे आहेत त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. सत्तेचाळीसपैकी चार जागा अजून रिकाम्या आहेत.